परतीची गाडी

सहलीला निघणारा मनुष्य प्रथम जाण्याचा विचार करतो. कोठे जावयाचे, काय पाहावयाचे, बरोबर काय न्यावयाचे, या गोष्टींनीच त्याचे मन भरून गेलेले असते. परत येण्याचा विचार त्याला सुचतो तो बहुधा दिवस कलल्यावर आणि पाय दुखू लागल्यावर. ज्याच्या दारात स्वतःची मोटार उभी आहे, त्याला हे एक वेळ चालते. कारण मोटार तिच्या धन्याची वाट पाहत उभी राहते. आगगाडी मात्र कोणासाठीही थांबत नाही. म्हणून जो आगगाडीने, बसने आणि पायी प्रवास करणार आहे, त्याने सहलीची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. जाण्याची गाडी चुकली तर एक दिवसाची गंमत जाते. परतीची गाडी चुकली तर लहान मुले आणि वृद्ध माणसे यांना घेऊन परक्या शहरात रात्र काढण्याची पाळी येते.

एक उदाहरण घेऊ. नाशिकला पंचवटीत एक कुटुंब राहते अशी कल्पना करा. घरात आईवडील, आठवीत शिकणारी मुलगी, तिसरीत शिकणारा तिचा धाकटा भाऊ, आणि सत्तरी ओलांडलेली आजी आहे. घरी मोटार नाही. दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या शहरातील एखादे मोठे उद्यान पाहावे, अशी मुलांची फार दिवसांची इच्छा आहे. आजीलाही नातवंडांबरोबर जावयाचे आहे. परंतु तिला भरभर चालवत नाही. वडिलांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर राहणे भाग आहे. तेव्हा पहाटे निघून त्याच रात्री घरी परत, अशी ही सहल बसवावयाची आहे. हे साधेल काय?

प्रथम उद्यानाची निवड केली पाहिजे. झाडे, फुले आणि बाके एवढ्यानेच जे संपत नाही, ज्याची सारी रचना एखाद्या कल्पनेभोवती केलेली असते, अशा उद्यानाला आज सर्वत्र 'थीम पार्क' म्हणतात. अमेरिकेत १९५५ साली वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड उघडले, तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. परंतु करमणुकीची उद्याने त्याहून पुष्कळ जुनी आहेत. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील 'टिव्होली' हे उद्यान १८४३ सालचे आहे. ते शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाच्या अगदी समोर असल्यामुळे दूरगावचा प्रवासी गाडीतून उतरतो आणि रस्ता ओलांडून आत शिरतो. जपानमधील टोकियो डिस्नेलँड १९८३ साली सुरू झाले आणि पाचच वर्षांनी त्याच्याजवळ स्वतंत्र रेल्वे स्थानक उघडण्यात आले. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. उद्यान कसे आहे, याइतकेच ते कोठे आहे, हेही महत्त्वाचे असते. ते ज्या वाटेवर उभे असते, त्या वाटेने येणाऱ्यांनाच ते सुलभ होते.

आपल्या महाराष्ट्रात मोठ्या थीम पार्कचे नाव काढले की बहुतेकांना 'इमॅजिका' आठवते. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोलीनजीक हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तेथून जवळ असल्यामुळे मोटारीने येणाऱ्यांची तेथे चांगली सोय होते. परंतु आपल्या नाशिककर कुटुंबाने आगगाडीने जावयाचे ठरवले तर काय होईल? सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस धरली, तर नवाच्या पुढे ते कल्याणला उतरतील. तेथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल गाडी मिळाली पाहिजे. तिची वाट पाहण्यात अर्धा तास आणि प्रवासात सुमारे दीड तास धरला, तर खोपोली येईपर्यंत सव्वाअकरा होतील. मग रिक्षा करावयाची, तिकिटे काढावयाची. म्हणजे आत पाऊल ठेवेपर्यंत बारा वाजले. परत येताना सायंकाळी सातच्या सुमारास कल्याणला हजर असले पाहिजे. खोपोलीच्या शाखेवर गाड्या विरळ आहेत. तेथे एक गाडी चुकली की दुसरीसाठी बराच वेळ तिष्ठत बसावे लागते. म्हणून एक गाडी हाताशी ठेवून, म्हणजे साडेतीन वाजता, उद्यानातून निघावे लागेल. तिकिटाचे पैसे पूर्ण दिवसाचे आणि वाट्याला आले जेमतेम साडेतीन तास, अशी ही गत. त्यातही रांगेत उभे राहण्याचा वेळ वजा करावा लागेल. तात्पर्य, मोटार नसलेल्या नाशिककराने इमॅजिकाला जावेच, पण एका दिवसाच्या हिशेबाने जाऊ नये. एक मुक्काम करूनच जावे.

या हिशेबातून एक उपयुक्त कसोटी हाती लागते. एखादे ठिकाण किती किलोमीटर दूर आहे, हा प्रश्न दुय्यम होय. वाटेत किती वेळा वाहन बदलावे लागते आणि त्या प्रत्येक ठिकाणी गाडी चुकली तर दुसरी केव्हा मिळते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, आणि प्रवासातील कच्ची कडी म्हणजे ज्या वाटेवर पुढची गाडी तासाभराने आहे ती वाट.

ही कसोटी लावल्यास दुसरे एक ठिकाण डोळ्यांसमोर येते. मुंबईत वरळी येथे नेहरू विज्ञान केंद्र आहे. १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील प्रदर्शनाने त्याचा आरंभ झाला. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होते. त्या वर्षी तेथे मुलांसाठी विज्ञान उद्यान उघडण्यात आले आणि १९८५ साली संपूर्ण केंद्र जनतेसाठी खुले झाले. येथे झाडांच्या सावलीत तरफ, कप्पी, लंबक, ध्वनीचे परावर्तन यांसारखी तत्त्वे खेळाच्या रूपाने मांडलेली आहेत. पुस्तकात तरफेचे चित्र पाहणे निराळे आणि आपल्याच हाताने तिच्या टोकावर भार देऊन जड वस्तू हलकेच उचलणे निराळे. पोटात गोळा आणणारे उंच पाळणे येथे नाहीत, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. म्हणजे मागाहून हिरमोड होत नाही. परंतु एका कल्पनेभोवती रचलेले उद्यान हेच जर थीम पार्कचे लक्षण असेल, तर विज्ञान ही कल्पना काही लहान नव्हे.

शिवाय तेथे पोहोचण्याची वाट अलीकडे फार सोपी झाली आहे. आरेपासून कफ परेडपर्यंत धावणारी मुंबईची भुयारी मेट्रो ९ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लांबीने प्रवाशांसाठी सुरू झाली. या मार्गावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला स्थानक आहे, आणि विज्ञान केंद्राजवळही त्याच्याच नावाचे स्थानक आहे. म्हणजे नाशिकहून आलेल्या प्रवाशाने टर्मिनसवर उतरावे, जमिनीखाली जावे, आणि सहाव्या स्थानकावर वर यावे. वाहन एकदाच बदलावयाचे, आणि एक मेट्रो गेली तर थोड्याच मिनिटांत दुसरी हजर. या साखळीत कच्ची कडी नाही.

आता कागद घेऊन आखणी करू. आठवीतील मुलीने हे काम अंगावर घेतले आहे. ती कागदाच्या तळाशी प्रथम काय लिहील? 'सव्वासहाची पंचवटी' असे लिहिण्याचा मोह होईल. पण तेही बरोबर नव्हे. सहलीचा शेवट स्थानकावर होत नाही. तो घराच्या उंबरठ्यावर होतो. पंचवटी एक्स्प्रेस रात्री पावणेदहाच्या सुमारास नाशिकरोडला येते. तेथून पंचवटी सुमारे दहा किलोमीटर दूर. महापालिकेची सिटीलिंक बस २०२१ सालापासून शहरात धावते. परंतु त्या वेळी बस मिळेलच असे धरून चालू नये. म्हणून तळाच्या ओळीत 'साडेदहा, घर' असे लिहावे, त्यावर 'नाशिकरोडहून बस, नाहीतर रिक्षा' असे लिहावे, आणि त्या रिक्षाचे पैसे सकाळीच निराळ्या पुडीत बांधून आईच्या पिशवीत ठेवावेत. दिवसभरात कोणत्याही मोहाने त्या पुडीची गाठ सोडावयाची नाही.

त्यावरची ओळ गाडीची. पंचवटी एक्स्प्रेस सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून सुटते. नेमकी वेळ तिकीट काढताना पाहून घ्यावी. कारण वेळापत्रके बदलत असतात. सव्वासहाला गाडी सुटते, म्हणून साडेपाचला फलाटावर असावे. मेट्रोचा प्रवास थोड्या मिनिटांचा असला तरी जिने उतरणे, तिकीट काढणे, तपासणीतून जाणे, पुन्हा वर येणे आणि टर्मिनसच्या गर्दीतून फलाट गाठणे, या साऱ्यांना वेळ लागतो. आजी बरोबर असताना त्यासाठी एक तास धरावा. म्हणजे विज्ञान केंद्राच्या दारातून साडेचारला बाहेर पडावयाचे. ही वेळ कागदावर तांबड्या शाईने लिहावी.

आता वरून खाली येऊ. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून गाडी. म्हणून साडेसहाला स्थानक. म्हणून पावणेसहाला घर सोडणे. म्हणून साडेचारला उठणे. गाडी साडेदहाच्या सुमारास मुंबईस पोहोचते. उतरणे, हातपाय धुणे, मेट्रो, तिकीट, या सर्वांना तास धरला, तर साडेअकराला विज्ञान केंद्र. साडेअकरा ते साडेचार, असे पाच तास हाती राहिले. दोन्ही बाजूंनी आवळत आणल्यावर मध्ये जे उरते, तेच खरे सहलीचे तास. बाकी सारा प्रवास.

परंतु प्रवास हा केवळ खर्ची पडलेला वेळ आहे काय? नाशिक ते मुंबई हा रेल्वेमार्ग सुमारे १९० किलोमीटरचा आहे, आणि तोही पाहण्यासारखा आहे. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ साली सुरू झाली. गोदाकाठच्या पंचवटीचे नाव तिला मिळाले आहे. नाशिकचे अनेक नोकरदार पहाटे उठून या गाडीने मुंबईस जातात आणि रात्री परत येतात; आपण ज्याला सहल म्हणतो, तो त्यांचा नित्याचा दिवस होय. त्यांचे पासाचे डबे ठरलेले असतात. ते कोणते, हे आधी विचारून आपण आपल्या आरक्षित डब्यात बसावे. इगतपुरी सोडली की थळ घाट लागतो. १८६५ साली आगगाडी हा घाट चढून इगतपुरीला आली. येथील चढण ३७ मीटरला १ मीटर इतकी आहे. रस्त्याच्या मानाने ही चढण किरकोळ वाटेल. परंतु गुळगुळीत रुळांवर लोखंडी चाकांनी चढणाऱ्या गाडीला ती भारी पडते. म्हणून मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसारा येथे मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडतात, आणि उतरणाऱ्या गाड्या वेग आवरून सावकाश उतरतात. ज्याला हे ठाऊक असते, तो घाटात गाडी संथ झाली म्हणून त्रागा करत नाही. तो खिडकीतून दरी आणि बोगदे पाहतो. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडल्याचे प्रसंग आले आहेत. म्हणून एका दिवसाच्या सहलीला हिवाळा उत्तम.

शहाण्या माणसाच्या आखणीत मुख्य वाटेबरोबर एक पर्यायी वाटही असते. काही कारणाने मेट्रो बंद असेल तर काय करावे, हे कागदाच्या पाठीवर लिहून ठेवावे. सकाळी दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने महालक्ष्मी गाठता येते आणि तेथून पुढे बस किंवा टॅक्सी करता येते. सायंकाळी महालक्ष्मीहून चर्चगेटला आणि तेथून बसने टर्मिनसला यावे. मुंबईची गर्दी समुद्राच्या भरतीओहोटीसारखी दिशा बदलत असते. सकाळी ती उपनगरांतून दक्षिणेकडे लोटते आणि सायंकाळी दक्षिणेकडून उपनगरांकडे परतते. त्यामुळे साडेचारनंतर चर्चगेटकडे जाणारी लोकल बरीच मोकळी असते. उलट दिशेच्या लोकलमध्ये पाय ठेवण्यास जागा नसते. सकाळी दादरला मात्र आपण गर्दीच्याच दिशेने जात असतो. म्हणून भरलेली लोकल घाईने न पकडता एक-दोन गाड्या सोडून द्याव्यात. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलमार्गांवर अनेकदा मेगाब्लॉक असतो, तो वर्तमानपत्रात आदल्या दिवशी पाहावा.

आता आजीचा प्रश्न. पुष्कळ घरांत अशा वेळी म्हणतात, "तुम्हांला दगदग होईल, तुम्ही घरीच थांबा." हे बोलणे काळजीचे असते, पण कित्येकदा त्यात आपल्या सोयीचाही भाग असतो. सैन्याच्या तळाची चाल ज्याप्रमाणे सर्वांत हळू चालणाऱ्या बैलगाडीवरून ठरते, त्याप्रमाणे कुटुंबाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्या माणसावरून ठरली पाहिजे. आजीला जिना चढण्यास पाच मिनिटे लागत असतील, तर आखणीत पाच मिनिटेच लिहावीत. दोन लिहून तिला घाई करू नये. उद्वाहक कोठे आहे, हे उतरल्याबरोबर विचारावे. उद्यानात पोहोचल्यावर सावलीतील एक बाक आधी निवडावे. तेच साऱ्यांचे ठाणे. आजी तेथे बसेल, डबे आणि पिशव्या तेथे राहतील, आणि मुले खेळून पुन्हा तेथेच येतील. अशा रीतीने आजी ही अडचण न राहता सहलीचा मध्यबिंदू होते.

धाकट्या मुलासाठी वेगळी खबरदारी हवी. त्याच्या खिशात नाव आणि वडिलांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मेट्रोची दारे आपोआप मिटतात. चढताना एखादे वेळी चौघे आत आणि एक जण बाहेर असे होऊ शकते. अशा वेळी काय करावयाचे, हे घरीच ठरवून प्रत्येकाकडून वदवून घ्यावे. जो फलाटावर राहिला, त्याने त्याच जागी उभे राहावे. आणि जे पुढे गेले, त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्याने पुढच्या स्थानकावर उतरून परत यावे. दोघेही एकमेकांस शोधत फिरू लागले की चुकामूक वाढते. एक स्थिर राहिला की दुसऱ्याला तो सापडतोच. हा नियम ठाऊक असलेले मूल घाबरत नाही. आणि न घाबरलेले मूल हरवत नाही.

शिधा साधा असावा. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, आणि प्रत्येकाच्या खांद्याला पाण्याची बाटली. रस्सा, ताक असे सांडणारे पदार्थ घरीच ठेवावेत. उद्यानातही सर्वच पाहण्याचा हव्यास धरू नये. पाच तासांत सगळी दालने धावत पाहिली, तर घरी आल्यावर एकही नीट आठवत नाही. आदल्या रात्री प्रत्येकाने आपापली दोन आवडीची दालने निवडावीत, ती आधी पाहावीत, आणि मग वेळ उरल्यास बाकीची पाहावीत.

सर्वांत कठीण क्षण येतो तो साडेचार वाजता. धाकटा मुलगा एखाद्या खेळात रंगलेला असतो. "अजून पाचच मिनिटे," असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याला खरोखरच पाच मिनिटे हवी असतात. परंतु त्या पाच मिनिटांना पुढची पाच मिनिटे चिकटून येतात. तांबड्या शाईने लिहिलेली वेळ अशा प्रसंगासाठीच असते. मोठ्याने रागावण्याची गरज पडत नाही. ताई कागद पुढे करते. तो स्वतः वाचतो, किंचित खट्टू होतो आणि चपला घालतो. कारण ती वेळ त्याच्याच देखत, त्याच्याच संमतीने ठरलेली असते. वडीलधाऱ्यांचा हुकूम मुले कधी कधी मोडतात. स्वतः भाग घेऊन केलेला करार सहसा मोडत नाहीत.

सव्वासहाला गाडी हलते, तेव्हा घाईने धापा टाकत डब्यात शिरणारे काही प्रवासी दिसतात. आपले कुटुंब मात्र केव्हाच स्थिरस्थावर होऊन बसलेले असते. कसाऱ्याला गाडी थांबते, मागे इंजिने लागतात आणि अंधारात घाटाची चढण सुरू होते. आजीच्या मांडीवर डोके ठेवून नातू झोपी गेलेला असतो. दहा रुपयांची रिक्षा असो वा शंभराची, तिचे पैसे पुडीत शाबूत असतात. घरातले दिवे लागतात तेव्हा घड्याळात साडेदहा वाजलेले असतात.

स्वतःचे वाहन नसलेला मनुष्य परावलंबी असतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः परावलंबी तो, ज्याने आपल्या वेळेचा हिशेब केलेला नाही. ज्याच्या खिशात नीट विचार करून लिहिलेला एक कागद आहे, त्याच्या सेवेला सार्वजनिक आगगाडी, बस आणि मेट्रो ही सारी वाहने सज्ज असतात. परतीची गाडी ज्याने आधी पाहून ठेवली, तोच जाताना निर्धास्तपणे खिडकीबाहेर पाहू शकतो.